काकांचा एसी सर्व्हिसिंगचा धंदा (ठाणे) : किंमत कशी काढावी, कशी वाढवावी?

नौपाडेकर

नमस्कार मंडळी,

माझ्या काकांचा ठाण्यात एसी दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगचा धंदा आहे. नौपाड्यात स्वतःचा गाळा, हाताखाली अकरा माणसं. वागळे इस्टेटपासून घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत घरगुती गिऱ्हाईक, काही दवाखाने आणि महापे एमआयडीसीतली एक कंपनी. काका आता ६३ वर्षांचे आहेत, गुडघे साथ देत नाहीत. चुलतभाऊ बंगळुरूला स्थिरावलाय, तो परत येणार नाही हे काकांनीही मनोमन स्वीकारलंय. माझी नोकरी ऐरोलीला. सुट्टीच्या दिवशी काकांचे हिशेब मी बघते, म्हणून विचारायला मीच आले.

वाशीच्या एका मोठ्या फॅसिलिटी कंपनीने गाळा सोडून "सगळं मिळून १२ लाख" असा आकडा सांगितला. काकांना तो फार लागला. तीस वर्षं घाम गाळून उभं केलेलं काम एका गाडीच्या किमतीत जाणार, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे त्यांच्या एका स्नेह्यांनी "उलाढालीच्या निम्मे तरी हवेतच" असं सांगून ठेवल्यामुळे त्यांच्या डोक्यात ४० लाख बसलेत.

आकडे असे: वर्षाची उलाढाल ७८ लाख. त्यात एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) जवळपास १५ लाख (६२० मशीन, सरासरी २,४०० रुपये), एएमसीबाहेरची सुटी सर्व्हिस आणि रिपेअरिंग ३८ लाख, नवीन मशीन बसवणं, पायपिंग, शिफ्टिंग वगैरे २५ लाख. यातले २२ लाख एकट्या महापेच्या कंपनीकडून येतात. वह्यांनुसार निव्वळ नफा ११ लाख.

किंमत नक्की कशावर ठरते? आणि दोनेक वर्षं हातात असतील तर ती वाढवता येते का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

चरई

उलाढालीचा आणि किमतीचा संबंध नाही हे काकांना आधी सांगा. ७८ लाखांची उलाढाल करून तोट्यात असलेले लोक याच ठाण्यात आहेत.

ताळेबंद

ताई, चांगले आकडे दिलेत, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. थोडं लांबेल.

धंदा विकत घेणारा माणूस काकांची मागची तीस वर्षं विकत घेत नाही. काका उद्या गाळ्यात आले नाहीत तर या धंद्यातून दरवर्षी किती पैसे सुटतील आणि ते किती खात्रीने सुटतील, हे तो विकत घेतो. म्हणून आधी ११ लाखांचा आकडा सोलून बघावा लागतो.

दोन गोष्टी विचारतो: काका पगार घेतात का? गाळ्याचं भाडं धंद्यातून जातं का? शिवाय घरातलं कोण फुकट राबतं आणि घरातले कोणते खर्च धंद्यावर टाकलेत?

नौपाडेकर

पगार घेत नाहीत, नफा तोच त्यांचा. भाडं नाही, गाळा त्यांच्याच नावावर आहे. तसाच गाळा शेजारी ३५ हजारांना गेलाय. फोन घेणं, बिलं बनवणं, उधारीचा तगादा लावणं हे सगळं काकू करते, तिला काही मिळत नाही. घरच्या गाडीचं पेट्रोल आणि सगळ्यांचे मोबाइल मिळून वर्षाला १ लाख ६० हजार धंद्यात दाखवलेत. गेल्या वर्षी गाळ्याचं छत गळत होतं, त्याच्या दुरुस्तीला १ लाख ४० हजार गेले.

ताळेबंद

मग हिशेब असा. ११ लाखांत घरचे १.६ आणि एकदाच झालेला छताचा १.४ परत मिळवले की १४ लाख होतात. त्यातून गाळ्याचं भाडं ४.२ लाख वजा. काकूंच्या जागी महिना १८ हजारांवर कुणी ठेवलं तर २.१६ लाख वजा. आणि काकांसारखं काम अंगावर घेणारा मॅनेजर महिना ४५ हजारांखाली मिळणार नाही, ते ५.४ लाख. उरले २ लाख २४ हजार.

हा आकडा वाचून वाईट वाटेल, पण काकांपासून लपवू नका. वह्यांमधले ११ लाख हा बहुतांश काकांचा पगार, काकूंचा पगार आणि गाळ्याचं भाडं आहे. ते त्यांनी कमावलेलेच आहेत, फक्त ते धंद्याबरोबर विकता येत नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि ही तुमच्या फायद्याची आहे. २.२४ लाख हा आकडा फक्त पैसे गुंतवून लांब बसणाऱ्यासाठी. स्वतः पाना हातात घेऊन उभा राहणाऱ्याला मॅनेजर लागणार नाही, त्याच्या हातात ७.६४ लाख पडतात, पण त्यात त्याची वर्षभराची मेहनत आहे. वाशीच्या कंपनीकडे मॅनेजर, ऑफिस, कॉल सेंटर हे सगळं आधीच आहे. त्यांना तुमचं भाडं नको, काकूंच्या जागी माणूस नको. त्यांच्या दृष्टीने हा धंदा वर्षाला १२-१४ लाख देणारा आहे. म्हणजे एका वर्षाच्या कमाईत ते तो मागताहेत. तेव्हा १२ हा आकडा कमीच आहे, मात्र ४० चं कारणही कागदावर दिसत नाही. बोलणी करताना आपल्याला काय सुटतं यापेक्षा त्यांना काय सुटेल यावरून बोला.

वर्षाच्या कमाईच्या किती पट द्यायचं हे जोखमीवर ठरतं. बँकेत पैसे ठेवले तर सहा-सात टक्के झोपेत मिळतात. इथे तर महापेचा एक माणूस बदलला की २२ लाखांचं काम जाऊ शकतं. इतक्या जोखमीला कुणी पाच वर्षांची कमाई आगाऊ देणार नाही. माझ्या पाहण्यात अशा मालकावर चालणाऱ्या छोट्या सेवा-धंद्यांचे व्यवहार दीड-दोन वर्षांच्या कमाईत होतात. मालकाशिवाय चालणारा असेल तर तीनच्या आसपास.

सेक्टर_अठरा

मी या व्यवहारात दुसऱ्या बाजूला होतो. नेरूळमध्ये पाण्याचे फिल्टर सर्व्हिस करणारा एक चालू धंदा विकत घेतला, आज तोच करतो. घेणारा काय बघतो ते सांगतो.

मी पहिल्यांदा मालकाचा मोबाइल मागितला. दिवसभरात किती फोन त्यांच्या स्वतःच्या नंबरवर येतात ते बघायला. ऐंशी टक्के तिथेच येत होते, आणि तिथेच मी माझा आकडा खाली आणला. गिऱ्हाईक धंद्याला ओळखतं की मालकाला, हे फोनवरून कळतं.

नंतर एएमसीच्या तारखा. ताई, तुमच्या ६२० मशीनची एएमसी साधारण कधी रिन्यू होते? बहुतेक फेब्रुवारी-मार्चला, उन्हाळ्याच्या तोंडावर, होय ना? मग समजा जुलैत धंदा विकला. पैसे काकांच्या खात्यात आधीच जमा झालेत, तीनपैकी एक सर्व्हिस झालीय, दोन बाकी आहेत. म्हणजे १५ लाखांपैकी ढोबळ १० लाखांचं काम विकत घेणाऱ्याने फुकट करायचं. धंदा घेणारा जाणता माणूस ती रक्कम किमतीतून कापतो. लोक एएमसीकडे जमेची बाजू म्हणून बघतात, पण पैसे घेऊन न केलेलं काम हे देणं आहे. यावरून माझे आणि जुन्या मालकांचे चांगलेच वाद झाले होते, म्हणून आधीच सांगतोय.

तिसरं, उधारी. महापेची कंपनी किती दिवसांनी पैसे देते?

नौपाडेकर

तारखांचं बरोबर ओळखलंत. जवळजवळ सगळ्या फेब्रुवारी ते एप्रिल. महापेचे पैसे नव्वद दिवसांच्या आत कधीच येत नाहीत.

सेक्टर_अठरा

म्हणजे २२ लाखांच्या कामातले साडेपाच लाख कायम बाहेर. विकत घेणाऱ्याला किंमत मोजल्यावर तेवढे खिशातून पुन्हा घालावे लागणार. तो तेही मनात धरतो.

ताळेबंद

काकांची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा, फी नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या आकारणी वर्षापासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. त्यामुळे अकाउंट्सवालेच आता उद्यम नंबर विचारतात. बिलावर तो छापा.

आणखी एक. महापेची कंपनी बिलातून टीडीएस (आगाऊ आयकर) कापत असेलच (काकांची एकल मालकी, म्हणजे एक टक्का). आयकर खात्याच्या कर-उताऱ्यात (२६एएस) कुणाकडून किती आले ते दिसतं. घेणाऱ्याला तुमच्या वह्यांपेक्षा त्या कागदावर जास्त विश्वास बसतो. विवरणपत्र आतापर्यंत आयकराच्या कलम ४४एडी खाली अंदाजित उत्पन्नावर भरत आला असाल तर पुढची दोन वर्षं तरी पूर्ण हिशेब ठेवा, नाहीतर खर्च खरे की खोटे हे कुणाला कळणार नाही. आणि घरचं पेट्रोल धंद्यातून काढा. तो खर्च परत मिळवून दाखवता येतो, पण मग घेणारा बाकीच्या प्रत्येक ओळीवर शंका घेत बसतो.

पाना_पक्कड

मी टेक्निशियन आहे, पंधरा वर्षं हेच काम. सगळं वाचलं. तुमच्या चर्चेत कारागीर अजून आलाच नाही, म्हणून लिहितोय.

मी आधी जिथे होतो त्या मालकांनी धंदा विकला. नवीन माणसाने पहिल्याच महिन्यात कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) बंद केला आणि दिवसाला आठ मशीन मारायला सांगितली. वेट सर्व्हिस नीट करायची तर जाळ्या काढायच्या, इनडोअरला पिशवी बांधायची, पीसीबी (आतलं सर्किट) झाकायचा, जेट पंपाने कॉइल मागपर्यंत धुवायची, ब्लोअरमधला काळा थर काढायचा, ड्रेन पाइप फुंकून मोकळा करायचा, मग आउटडोअर, मग करंट बघायचा. पाऊण तास सहज जातो, आउटडोअर ग्रिलबाहेर असेल तर दोन माणसं लागतात. आठ मशीनमध्ये काय होतं? वरवर पाणी मारायचं आणि पुढे. आठ दिवसांत पाणी गळायची कंप्लेंट. आम्ही चौघांनी सहा महिन्यांत काम सोडलं. गिऱ्हाईकं आमचे नंबर ओळखत होती, ती आमच्या मागे आली. विकत घेणाऱ्याच्या हातात गाळा आणि जुनी बिलबुकं राहिली.

तुमच्या काकांचे सीनिअर कोण? त्यांना हे माहीत आहे का?

नौपाडेकर

सीनिअर दादा सोळा वर्षं आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. काका म्हणतात, सांगितलं तर माणसं घाबरून सुटतील.

पाना_पक्कड

त्यांना बाहेरून कळलं तर जास्त सुटतील. वाशीची माणसं गाळ्यात येऊन गेली असतील तर त्यांना आत्ताच अंदाज आला असणार.

पाचपाखाडी_वकील

पाना_पक्कड यांच्या मुद्द्याला कायद्याची बाजू जोडते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. नोकरी सोडल्यावर "तू ठाण्यात हे काम करायचं नाहीस" असं कारागिराकडून लिहून घेतलंत तरी ते टिकत नाही. पण त्याच कलमाला एक अपवाद आहे. धंद्याचा नावलौकिक विकणारा मालक ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याचं कबूल करू शकतो, हद्द वाजवी असली पाहिजे. म्हणजे काकांना बांधता येतं, कारागिरांना नाही. घेणारा काकांकडून हे मागणारच, तेव्हा हद्द नीट लिहून घ्या. "महाराष्ट्र" असं मोघम लिहू देऊ नका.

एकल मालकीत धंदा आणि मालक कायद्याने एकच. एएमसी काकांच्या नावावर, जीएसटी काकांच्या पॅनवर. विकल्यावर करार आपोआप पुढे जात नाहीत, प्रत्येक गिऱ्हाईकाची संमती लागते. म्हणून नव्या एएमसी फॉर्मवर आत्ताच एक ओळ टाका: हा करार धंद्याच्या पुढच्या मालकाकडे सोपवता येईल. छोटी ओळ आहे, पण घेणाऱ्याची मोठी काळजी मिटते.

नावाची ट्रेडमार्क नोंदणीही करा. दुरुस्ती-सेवेसाठी वर्ग ३७, व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते.

ताळेबंद

अकरा माणसं म्हणालात, म्हणजे ग्रॅच्युइटीही लागू (दहा किंवा जास्त माणसं). सीनिअर दादांचा हिशेबाचा पगार २६ हजार धरला तर २६ हजार भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस) गुणिले १५ (दिवसांचा पगार), म्हणजे वर्षाला १५ हजार, सोळा वर्षांचे २ लाख ४० हजार. बाकीच्यांचंही काढून ठेवा. हे देणं काका देणार की घेणारा, ते आधी ठरलं पाहिजे.

धंदा चालू स्थितीत अख्खाच्या अख्खा सोपवला तर त्या व्यवहारावर जीएसटी नाही. सुटं सामान, गाड्या असं वेगवेगळं विकलं तर लागतो. आयकराचं सीएकडून लेखी घ्या.

चरई

मग १२ लाख घेऊन मोकळं व्हावं आणि गाळा भाड्याने द्यावा, असं का नाही? ३५ हजार महिना घरबसल्या. या वयात दोन वर्षं अजून राबायचं कशासाठी?

ताळेबंद

हाही मार्ग आहे, आणि काकांची तब्येत तशी असेल तर मी तोच सुचवेन. पण दोन वर्षं राबायची नाहीत. काकांनी दोन वर्षांत कामातून हळूहळू बाहेर पडायचं आहे, आणि त्याच हालचालीने किंमत वाढते.

एकच उदाहरण घ्या. एएमसी २,४०० वरून २,७०० केली. मशीनमागे ३०० रुपये, ६२० मशीनचे १ लाख ८६ हजार. खर्च एक पैशाने वाढत नाही, म्हणजे जवळजवळ सगळे नफ्यात. २.२४ लाखांचे ४.१ लाख झाले. ताई, शेवटची दरवाढ कधी केली होती?

नौपाडेकर

चार वर्षांपूर्वी. काकांना जुन्या गिऱ्हाईकांपुढे संकोच वाटतो.

सेक्टर_अठरा

चार वर्षांत पगार आणि पेट्रोल वाढलं हे गिऱ्हाईकालाही माहीत आहे. आधी नव्यांना नवा दर लावा, जुन्यांना रिन्यूअलच्या महिनाभर आधी पत्र द्या. आणि रिन्यूअलचं प्रमाण काढा. माझ्या दृष्टीने अख्ख्या धंद्यात याहून महत्त्वाचा आकडा नाही.

नौपाडेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार काकांच्या डायऱ्या घेऊन बसले होते, काय सापडलं ते लिहिते.

काकांच्या डायऱ्या म्हणजे खजिना आहे. "राम मारुती रोड, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दीड टन, कॉम्प्रेसर २०२१ ला बदलला, आउटडोअर ग्रिलबाहेर, दोन माणसं." "कोलशेत, कुत्रं आहे, आधी फोन." "जुनं आर-२२, गॅस दोनदा भरला, पुढच्या वेळी मशीन बदलायला सांगणे." पण हे सगळं काकांच्या अक्षरात, त्यांच्या क्रमाने. दुसऱ्या कुणाला त्यातलं एक मशीन शोधायला सांगितलं तर दिवस जाईल.

रिन्यूअल मोजलं. आदल्या वर्षीच्या ५९० मशीनपैकी ४७० पुन्हा आली, म्हणजे ऐंशी टक्के. बाकी १५० नवीन जोडली गेली म्हणून आकडा ६२० दिसतो. गेलेल्या १२० चा माग काढला तर रागावून गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बरीचशी घरं नौपाडा-पाचपाखाडीतल्या रिडेव्हलपमेंटला गेलेल्या इमारतींमधली. माणसं भाड्याच्या घरात गेली, मशीन काढून नेली, आपल्याकडे नवा पत्ताच नाही. काही ठिकाणी भाडेकरू बदलला. आणि साधारण तिसरा हिस्सा असे, ज्यांना मार्चच्या गडबडीत कुणी फोनच केला नाही.

पाना_पक्कड

रिडेव्हलपमेंटचं गिऱ्हाईक सोडू नका. एका घरामागे मशीन काढणं, भाड्याच्या घरात बसवणं, तीन-चार वर्षांनी पुन्हा काढणं आणि नव्या टॉवरमध्ये नव्या पायपिंगसकट बसवणं, इतकं काम असतं. इमारत रिकामी व्हायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, एकदम वीस-पंचवीस घरं मिळतात.

आणि नवीन मशीन बहुतेक आर-३२ गॅसची येतात. तो गॅस थोडा ज्वालाग्राही आहे, त्याचं शिक्षण घेतलेली माणसं किती हे मोठा घेणारा विचारतो. पोरांना ट्रेनिंगला पाठवा.

सेक्टर_अठरा

डायऱ्या मशीनवार साध्या शीटमध्ये चढवा. महागडं सॉफ्टवेअर आत्ता नको. पत्ता, कंपनी, टन, गॅस, बसवल्याची तारीख, शेवटची सर्व्हिस, रिन्यूअलची तारीख आणि काकांचा तो शेरा. शेरा वगळू नका, नव्या पोराला तोच उपयोगी. दुसरं, धंद्याचा स्वतंत्र नंबर घ्या आणि काकांच्या मोबाइलवर येणारा प्रत्येक फोन तिकडे वळवा. गूगलवरची नोंद कुणाच्या ईमेलवर आहे तेही बघा. माझ्या व्यवहारात ती जुन्या मालकांच्या भाच्याच्या नावावर निघाली, सोडवायला महिने गेले. नवीन एएमसी वर्षभर पसरून घ्या, पावसाळ्यानंतर एएमसी घेणाऱ्या गिऱ्हाईकाला एक सर्व्हिस जादा द्या. त्याने ते दहा लाखांचं ओझंही कमी होईल.

नौपाडेकर

काल रात्री काका, काकू आणि मी नीट बसलो. २.२४ चा हिशेब दाखवल्यावर काका बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या काकूचा पगार मी कधी धरलाच नाही." पुढच्या महिन्यापासून काकूला पगार आणि गाळ्याला भाडं, दोन्ही वह्यांमध्ये दिसेल.

वाशीवाल्यांना यंदा नको सांगितलं. सीनिअर दादांनाही आज सगळं सांगितलं. त्यांना अंदाज होताच. ते म्हणाले, बाहेरच्याला देणार असाल तर आधी मला विचारा, माझ्याकडे एकरकमी पैसे नाहीत पण फेडीन. काकांचा चेहरा खुलला. पण हे व्यवहारात कसं बसवायचं? आणि महापेच्या करारात त्यांच्या ॲडमिन साहेबांचं सगळं काकांशीच बोलणं असतं, त्याचं काय?

ताळेबंद

दादांना आधी सुपरवायझर करा, पगारात आठ-दहा हजार वाढवा. माझ्या हिशेबातला ४५ हजारांचा मॅनेजर मग लागत नाही, ही एकच गोष्ट वर्षाला चार लाखांच्या वर वाचवते. महापेच्या प्रत्येक भेटीला काकांबरोबर त्यांनी जायचं, सहा महिन्यांनी काकांनी जाणं थांबवायचं. महापेचं काम टिकवाच, पण बाकीचं इतकं वाढवा की एकूण उलाढालीतला त्याचा वाटा कमी दिसेल.

धंदा एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) घ्या, सुरुवातीला काका-काकू भागीदार. पुढे दादांना नफ्यातून हप्त्याने हिस्सा देता येईल. भागीदार बदलले तरी एलएलपी तीच राहते, त्यामुळे तिच्या नावावर केलेले करार पुन्हा करावे लागत नाहीत. जीएसटी नोंदणी नवीन घ्यावी लागेल, जुन्यातलं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून पुढे नेता येतं.

पाचपाखाडी_वकील

दादांशी जे ठरेल ते पहिल्या दिवशी कागदावर आणा: हिस्सा किती, किंमत कोणत्या वर्षाच्या आकड्यांवर, हप्ता चुकला तर काय, आणि काकांना काही झालं तर काकूंचं काय. शेवटचा मुद्दा सर्वात आधी लिहा. महापेचा करार कधी संपतोय?

नौपाडेकर

३१ मार्चला.

पाचपाखाडी_वकील

मग एलएलपी डिसेंबरच्या आत करा आणि जानेवारीत त्यांच्याकडे नव्या नावाने व्हेंडर नोंदणीचा अर्ज द्या. मोठ्या कंपन्यांत त्यालाच दोन महिने जातात. कराराचा मसुदा आला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून देते.